सिग्नल सुटला, आजी!

सव्वीस जानेवारी सोमवारी आली की ऑफिसमधल्या जनतेचं काय होतं ते तुम्हाला वेगळं सांगायला नको. नवं कॅलेंडर भिंतीवर चढायच्या आधीच सुट्टीचे मेल बॉसकडे पोचलेले असतात. कुणी गोव्याला, कुणी दिवेआगरला, कुणी नुसतंच ‘यार, कुठेतरी बाहेर!’ आमच्या टीमचे प्लॅन्स एकेक करून टेबलावर आले आणि माझी पाळी आली.

“आजी-आजोबा येतायत. त्यांना पुणे दाखवणार आहे,” मी म्हटलं.

दोन सेकंद शांतता. मग शेजारच्या डेस्कवरची म्हणाली, “सोऽऽ स्वीट!” दोस्तहो, या दोन शब्दांचं मराठी भाषांतर ‘बिच्चारी’ असं होतं, हे मला पक्कं ठाऊक आहे. पण मी ठाम होते. कारण हे प्रकरण माझ्यावर बरीच वर्षं उधार होतं.

माझे आजी-आजोबा म्हणजे आईचे आई-बाबा. राहणार अमरावती. आजोबा त्र्याऐंशी वर्षांचे, जिल्हा परिषदेच्या शाळेतून निवृत्त झालेले इतिहास-भूगोलाचे मास्तर. खिशात कायम एक छोटी डायरी. आजी ऐंशीची, टेलिफोन खात्यातली रिटायर्ड ऑपरेटर. ट्रंक कॉलच्या जमान्यात अमरावतीच्या एक्स्चेंजमध्ये कानाला हेडफोन लावून गावोगावच्या लाइनी जोडणारी. पुण्याला दोघं आजवर आठ-दहा वेळा तरी आले असतील. माझ्या जन्माला, माझ्या बारशाला, दादाच्या मुंजीला, दादाच्या लग्नाला. पण पुण्यातली त्यांनी पाहिलेली प्रेक्षणीय स्थळं कुठली, तर एक प्रसूतिगृह आणि तीन मंगल कार्यालयं!

दरवेळी मी म्हणायची, “पुढच्या वेळी नक्की फिरू हं.” या वेळी आईनं फोनवर त्यांचं तिकीट कन्फर्म झाल्याचं सांगितलं आणि सहज म्हणून गेली, “आजोबा म्हणत होते, आता एवढा प्रवास परत होईलसं वाटत नाही.” आई पुढच्या विषयावर गेली. मी मात्र तिथेच राहिले.

पहिला दिवस : एक्सेल शीट

आता आपण प्रोफेशनल माणसं. आजी-आजोबा असले म्हणून काय झालं, प्लॅनिंग म्हणजे प्लॅनिंग. मी रीतसर एक्सेल शीट केलं. तीन दिवस, चौदा ठिकाणं. शनिवारवाडा, लाल महाल, केळकर म्युझियम, पाताळेश्वर, पर्वती, आगाखान पॅलेस, सिंहगड, खडकवासला… प्रत्येक ओळीपुढे वेळ, अंतर, पार्किंग आणि फोटो पॉइंट. शीटला रंगसुद्धा दिले. क्लायंटला पाठवलं असतं तर अप्रेझलला दोन मार्क वाढले असते.

शनिवारी पहाटे गाडी आली. दोन बॅगा, एक पिशवी. पिशवीत संत्री, मूगवड्या, हळद आणि शेगाव स्टेशनवर घेतलेल्या कचोऱ्या. मी शीटचा प्रिंटआउट आजोबांच्या हातात दिला. त्यांनी चष्मा लावून तो वरपासून खालपर्यंत तपासला, खिशातलं पेन काढलं आणि ‘केळकर म्यूझीयम’मधला उकार आणि वेलांटी ऱ्हस्व केली. झालं, अप्रूव्हल मिळालं.

गावात गाडी नेण्यापेक्षा मेट्रो बरी, म्हणून वनाजला गेलो. आजी सरकत्या जिन्यासमोर थबकली, मग माझा दंड धरून देवाचं नाव घेत चढली. मी अभिमानानं आजोबांकडे पाहिलं. ते म्हणाले, “छान आहे. आमच्या नागपुरात २०१९ मध्येच धावून राहिली होती. तुमची आली २०२२ मध्ये.” अमरावतीकर एरवी नागपूरला फारसा भाव देत नाहीत. पण पुण्यासमोर उभं राहिलं की सगळा विदर्भ एक होतो!

शनिवारवाड्याच्या दिल्ली दरवाज्यापुढे आजोबांना एकदम तीस वर्षांनी तरुण झालेलं पाहिलं मी. हत्तींनी धडक देऊ नये म्हणून दारावर ठोकलेले अणकुचीदार खिळे त्यांनी हात लावून पाहिले. “१० जानेवारी १७३०. पायाभरणी. पहिला बाजीराव.” हा धडा त्यांनी आयुष्यभर शिकवला होता आणि धड्यातला दरवाजा आज पहिल्यांदा समोर होता. वाडा बांधायला १६,११० रुपये लागले म्हणतात, हेही त्यांनीच सांगितलं. एवढ्यात आज आमच्या सोसायटीत स्कूटरच्या पार्किंगचा महिन्याभराचा वादसुद्धा मिटत नाही.

आत गेलो. आजीनं डावीकडे पाहिलं, उजवीकडे पाहिलं. हिरवळ, दगडी जोती, कारंज्याचा हौद.

“वाडा कुठे आहे?”

“आजी, हाच वाडा. म्हणजे होता. १८२८ मध्ये आग लागली, सगळं जळून गेलं. आता जोतीच उरलीयत.”

“म्हणजे तू मला नसलेला वाडा दाखवायला आणून राहिली?”

आजोबा हसले. मीही हसले. हे वाक्य दोन दिवसांनी माझ्यावरच उलटणार होतं, हे तेव्हा कुठे माहीत होतं!

आजी खरी रमली ती राजा दिनकर केळकर म्युझियममध्ये. अडकित्ते, दिवे, समया, डबे, खेळणी, वाद्यं. वीस हजारांवर वस्तूंचा हा संग्रह एका माणसानं, दिनकर केळकरांनी, गावोगाव फिरून जमवला आणि सरकारला देऊन टाकला. मी आजीला सांगितलं की म्युझियमच्या नावातला ‘राजा’ म्हणजे त्यांचा लहानपणीच गेलेला मुलगा. त्याच्या आठवणीत हे सगळं. आजी एका अडकित्त्यासमोर उभी होती. म्हणाली, “बापानं पोरासाठी एवढं जमवलं माय. आणि पोराला त्यातलं काही पाहायला भेटलं नाही.” मग बराच वेळ ती काही बोलली नाही. वरच्या मजल्याचे जिने पाहून म्हणाली, “तुम्ही जाऊन या. मी इथेच बसते.”

शनिवारवाड्यातले अर्धवट तुकडे पाहताना तिचा चेहरा उतरला होता, तो मला शीटच्या नादात दिसलाच नव्हता. आत्ता दिसला. दोन वाजले होते. पाच ठिकाणांपैकी दोन झाली होती. आजीच्या गुडघ्यांनी राजीनामा दिला होता.

एक कॉलम राहिलाच

रात्री मी एक्सेल उघडून बसले आणि मला माझा बग सापडला. वेळ होती, अंतर होतं, फोटो पॉइंट होता. पण ‘बसायला कुठे आहे?’ हा कॉलमच नव्हता. ‘पायऱ्या किती?’ नव्हता. आणि ‘बाथरूम कुठे आहे?’ तर नव्हताच नव्हता. आजोबांना दर दीड तासानं जावं लागतं. ते कधी सांगत नाहीत, नुसते गप्प होतात. मला वाटलं होतं, इतिहासात रमलेत!

तेव्हा, तुमच्याही घरी कुणी येणार असेल तर माझ्या चुकांमधून शिका. दिवसाला दोन ठिकाणं, बस्स. एक सकाळी, उन्हं चढायच्या आत. एक संध्याकाळी. मधली दुपार जेवणाची आणि झोपेची, तिला हात लावायचा नाही. जाण्याआधी स्वतः एकदा फोन करून जिन्यांची आणि स्वच्छतागृहाची चौकशी करायची. गोळ्यांची वेळ आपल्या मोबाइलवर लावायची. ‘दमलात का?’ असं विचारायचं नाही, कारण उत्तर ‘नाही’ हेच असतं. ‘मला जरा चहा हवाय, बसू या का?’ असं विचारायचं. आणि लाँग वीकएण्डला सिंहगडाचा विचार मनात आला तर तो तिथेच सोडून द्यायचा. मित्रानं रविवारी सकाळी घाटातून फोटो पाठवला होता. फोटोत गड नव्हता, नुसते टेललाइट्स होते. पिठलं-भाकरी आई घरीही करते.

दुसरा दिवस : ‘स्वामी’च्या गावाला

रविवारी मी शीट बाजूला ठेवलं आणि आजीला विचारलं, “तुला कुठे जायचंय?” खरं तर हा प्रश्न पहिल्या दिवशीच विचारायला हवा होता. पण आपल्याला सवय असते ना, आधी सोल्यूशन, मग रिक्वायरमेंट.

आजी म्हणाली, “थेऊर.”

मला वाटलं, अष्टविनायकातलं म्हणून. तसं नव्हतं. रणजित देसाईंची ‘स्वामी’ १९६२ मध्ये आली. आजी नोकरीला लागली १९६७ मध्ये. नाइट ड्यूटीला बोर्डावरचे दिवे शांत असायचे तेव्हा तिनं ती कादंबरी वाचली होती. एकदा नाही, चारदा. माधवराव आणि रमाबाई थेऊरला शेवटी कसे राहिले, हे तिला पाठ होतं. थेऊर कसं दिसतं, ते मात्र माहीत नव्हतं.

पुण्यापासून पंचवीसेक किलोमीटर, सोलापूर रस्त्यानं. पायऱ्यांचा त्रास नाही. चिंतामणीचं दर्शन झालं. माधवरावांनी बांधलेल्या लाकडी सभामंडपात आजी खांबाला टेकून बसली. आजोबांनी आईला आणि मला तिथेच तास घेतला : “पानिपत १७६१. त्याच वर्षी माधवराव गादीवर आले, वय सोळा. कोसळलेलं सगळं सावरलं. १८ नोव्हेंबर १७७२ ला इथे, थेऊरला गेले. क्षयानं. वय सत्तावीस.”

मी अठ्ठावीसची आहे. परवाच अजून एक ईएमआय गेला, आणि सीनियर एक्झिक्युटिव्ह या पदावर येऊन मला फार दमायला झालंय अशी माझी तक्रार असते. जाऊ दे.

मग नदीकाठी रमाबाईंच्या वृंदावनापाशी गेलो. मुळा-मुठेची आजची अवस्था सांगण्यासारखी नाही. नाकाला रुमाल लागला. आजीला ते दिसत नव्हतं, असं वाटलं. ती हात जोडून उभी राहिली आणि मग मला म्हणाली, “बिचारी. तिच्याशी बोलायला त्याला वेळच भेटला नाही. कायम मोहीम.” आणि माझ्याकडे बघून पुढे : “तुझ्यासारखाच.”

मी म्हटलं, “आजी, मी कुठे मोहिमेवर असते!”

“दर मंगळवारी असते न.”

मंगळवार, संध्याकाळी सात

हे मंगळवारचं प्रकरण सांगायला हवं. नोकरी लागल्यापासून, म्हणजे सहा वर्षं, मी दर मंगळवारी संध्याकाळी सातला आजीला फोन करते. आईला दिलेला शब्द. हिंजवडीहून कोथरूडला येताना गाडीत फोन स्पीकरवर टाकायचा आणि बोलायचं. म्हणजे, मुळात तसं ठरलं होतं. “कुठे आहेस?” “वाटेत आहे आजी.” “जेवलीस का? डबा संपवला का?” “हो.” “आवाज बसल्यासारखा येऊन राहिला.” “नाही गं.” मग माझं ठरलेलं वाक्य : “चल आजी, सिग्नल सुटला. ठेवते!”

थेऊरहून परतताना आजीनं सोमवारचा प्लॅन जाहीर केला. आगाखान पॅलेस नको, पर्वती नको.

“मला तू फोन करते न, ते ठिकाण दाखव. तुझं ऑफिस, तो रस्ता. आणि तो सिग्नल.”

“आजी, त्यात बघण्यासारखं काय आहे? काचेच्या बिल्डिंगा आहेत नुसत्या!”

“सहा वर्षं ऐकून राहिली. एकदा पाहू दे.”

आजोबांनी डायरी काढून काहीतरी लिहिलं.

तिसरा दिवस : हिंजवडी दर्शन

सकाळी सोसायटीत झेंडावंदन झालं, जिलेबी झाली, आजोबांची झोप झाली. साडेतीनला निघालो. पुढच्या सीटवर आजी, मागे आजोबा.

आता गंमत अशी की कोथरूड ते हिंजवडी या वीसेक किलोमीटरमध्ये चांदणी चौकापर्यंत कोथरूडचे सिग्नल लागतात. तिथपर्यंत आजी प्रत्येक सिग्नलला विचारत होती, “हाच का?” मी म्हणत होते, “नाही, पुढे.” चांदणी चौक आला. तो जुना पूल २ ऑक्टोबर २०२२ च्या मध्यरात्रीनंतर स्फोटकांनी पाडला, त्याचं अमरावतीला टीव्हीवर लाइव्ह पाहिल्याचं आजोबांनी सांगितलं. पुढच्या वर्षी, ऑगस्ट २०२३ मध्ये, नवे पूल सुरू झाले. या माहितीवर मी मुद्दाम जरा जास्त वेळ बोलले. कारण चांदणी चौकातून मुंबई-बेंगळुरू हायवेला लागलं की बाणेर, बालेवाडी मागे टाकत थेट वाकडपर्यंत जायचं. आणि हायवेवर सिग्नल नसतो.

सुट्टीमुळे आमची बाजू मोकळी होती. गाडी सुसाट. आजी खिडकीतून बघत होती.

“पुढे आहे म्हणाली होती न?”

“येईल, येईल.”

मी सहा वर्षं ‘हायवेवर आहे आजी, सिग्नल सुटला’ म्हणत होते. या वाक्यात काही गडबड आहे हे माझ्या कधी डोक्यातच आलं नव्हतं.

हिंजवडी म्हणजे आपलं आयटी पार्क सुट्टीच्या दिवशी कसं दिसतं, ते तुमच्यापैकी फार थोड्यांनी पाहिलं असेल. रस्ते रिकामे, टपऱ्या बंद, एक कुत्रं रस्त्याच्या मधोमध पाय ताणून झोपलेलं. आमच्या ऑफिसच्या गेटवर सिक्युरिटीचे काका होते. व्हिजिटर पासशिवाय आत सोडता येत नाही म्हणाले. पण आजीला पाहून स्वतःची खुर्ची गेटबाहेर आणून दिली. कुठून आलात विचारलं. अमरावती म्हटल्यावर त्यांचा चेहरा खुलला, कारण ते वाशिमचे निघाले. पाच मिनिटांत दोघांच्या तीन ओळखी जुळल्या. मी रोज त्या माणसासमोर कार्ड दाखवते. ते वाशिमचे आहेत हे मला त्या दिवशी कळलं.

“तू कुठे बसते?” आजीनं विचारलं.

“तो चौथा मजला. डावीकडून तिसरी खिडकी.”

आजीनं मान वर करून बराच वेळ त्या काचेकडे पाहिलं. शनिवारवाडा आजोबांनी पाहिला होता ना, अगदी तसं. मग म्हणाली, “खिडकी उघडत नाही?”

“नाही गं, सेंट्रल एसी. सगळं बंद असतं.”

“मग बाहेरचे हॉर्न आत येत नसतील.”

“छे, काहीच येत नाही.”

“हं,” आजी म्हणाली. एवढंच. पण त्या ‘हं’मध्ये जे होतं, ते ऐकून माझ्या पोटात गोळा आला.

जाम

सहाला परत फिरलो आणि हायवेला लागताच अडकलो. सोमवार संध्याकाळ. लोणावळ्याला, अलिबागला गेलेलं अख्खं पुणे एकाच वेळी घरी येत होतं. पुढे लाल दिवे, मागे पांढरे दिवे, आणि हॉर्न. ट्रकचा, बसचा, आपल्या कानामागे ठेवलेला बाइकचा. मी कपाळावर हात मारला. आजोबांचा दीड तासाचा हिशेब मनात सुरू झाला. (गेटवरच्या काकांनी मघाशी त्यांना आतलं बाथरूम उघडून दिलं होतं, म्हणून बरं.)

आणि आजी? आजी खूश! तिनं काच खाली केली, डोळे मिटले आणि म्हणाली, “हाच. हाच तो आवाज.”

मग डोळे न उघडता : “हा आवाज असला की तू अर्धा-अर्धा तास बोलते. तुझ्या साहेबाचं सांगते, मैत्रिणीच्या लग्नाचं सांगते. मागच्या पावसाळ्यात एकदा पाऊण तास बोललीस. मी आजोबांना म्हटलं, पुण्यात पाणी तुंबलं वाटतं, चांगलं झालं!”

मी हसले, पण ती थांबली नाही.

“आणि हॉर्न नसले की दोन मिनिटांत सिग्नल सुटते. तेव्हा तुझ्या मागे टकटक वाजते. बोटांची. पोरी, मी पस्तीस वर्षं लाइनी ऐकल्या. माणूस कुठून बोलून राहिला, उभा आहे का बसलेला, मला कळते.”

काय बोलणार? खरं होतं. सहापैकी शेवटच्या तीन-चार वर्षांत बहुतेक मंगळवारी सातला मी डेस्कवरच असायची. फोन खांद्यात धरलेला, समोर मेल उघडा. ‘सिग्नल सुटला’ म्हणायचं आणि एंटर मारायचं. आधी नसलेला वाडा दाखवला, आता नसलेला सिग्नल!

“आजी, सॉरी,” मी म्हटलं. आवाज खरंच बसला होता.

“सॉरी काहून? काम असते. आम्हीपण करत होतो. पण आमच्या वेळी ट्रंक कॉलची तीन मिनिटं झाली की मला मध्ये बोलावं लागायचं. ‘तीन मिनिटं झाली, वाढवायचे का?’ विचारायचं, नाहीतर लाइन तोडायची. तू तर दोनच मिनिटांत तोडते बाप्पा!”

मागून आजोबा खो-खो हसले. मलाही हसू आलं, आणि सोबत दुसरंही काही आलं, ते मी समोरच्या ट्रकच्या ‘हॉर्न ओके प्लीज’कडे बघत आवरलं.

मग आजीनं एक गोष्ट सांगितली, जी आईनंसुद्धा कधी ऐकली नव्हती. अमरावतीचे एक गृहस्थ दर रविवारी पुण्यातल्या मुलासाठी कॉल बुक करायचे. कधी तासाभरानं लागायचा, कधी चार तासांनी. लागला की पहिलं मिनिट ‘हॅलो, हॅलो, येते का ऐकू?’ यात जायचं. दुसऱ्यात तब्येत. तिसऱ्या मिनिटात दोघांकडे बोलायला काही नसायचं. नुसते रिसीव्हर धरून असायचे. ऐकायला मनाई होती, पण लाइन चालू आहे का ते तपासायला कान द्यावाच लागायचा. ‘तीन मिनिटं झाली,’ आजी सांगायची. ते म्हणायचे, “हो बाई. झालं आमचं.”

“मग?”

“मग काय. कधी कधी मी तोडायचीच विसरायची.”

गाडी दहा फूट पुढे सरकली. पुन्हा थांबली. वाकडपासून चांदणी चौकापर्यंत आम्हाला एक तास दहा मिनिटं लागली. त्यात मी आजीला ऑफिसातलं सगळं सांगितलं. खरं खरं. आठ महिन्यांपासून नोकरी सोडायचं डोक्यात आहे, हे घरी कुणालाच सांगितलं नव्हतं, तेसुद्धा. तिनं सल्ला वगैरे दिला नाही. तिनं संत्रं सोललं आणि एकेक फोड मला भरवत राहिली, कारण माझे हात स्टिअरिंगवर होते.

ता. क.

मंगळवारी रात्री त्यांना गाडीत बसवलं. गाडी सुटायच्या आधी आजोबांनी डायरी उघडून दाखवली. त्यात तारखेनिशी सगळं लिहिलं होतं : शनिवारवाडा, केळकर संग्रहालय, थेऊर. मग ‘हिंजवडी, चौथा मजला, डावीकडून तिसरी खिडकी’. आणि खाली एक ओळ : ‘बाकी : आगाखान पॅलेस, पर्वती.’

‘बाकी’ हा शब्द त्यांनी दोनदा अधोरेखित केला होता. “पुढच्या वेळी,” ते म्हणाले. या वेळी ते वाक्य त्यांनी म्हटलं, मी नाही. मी जूनमधली तिकिटं तिथेच, फलाटावर उभ्याउभ्या शोधायला लागले. त्यांची नाही, माझी. अमरावतीचा किल्ल्यासारखा परकोट, अंबादेवी आणि आजीचं एक्स्चेंज मी तरी कुठे धड पाहिलंय?

आणि त्यानंतरचा मंगळवार. संध्याकाळचे सात. मेल उघडे होते, डेडलाइन होती, सगळं नेहमीसारखंच. मी लॅपटॉप बंद केला, लिफ्टनं खाली आले, पार्किंगमध्ये गाडीत जाऊन बसले. गाडी सुरू केली नाही.

“कुठे आहेस?” आजीनं विचारलं.

“ऑफिसात. पार्किंगमध्ये. गाडी बंद आहे.”

पलीकडे थोडा वेळ काहीच आवाज आला नाही. ती लाइन तपासत असावी.

“बरं,” ती म्हणाली. “मग सांग, आज डब्यात काय होतं?”